लोखंडाचं वाण

गुडगाव, २० जानेवारी २००२

इंदूताई,

तुला नमस्कार घालायचा की नाही, यावर माझी अख्खी सकाळ गेली. शेवटी घातला. तू वयानं मोठी आहेस म्हणून. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

तीन वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा आधीच सांगते, मला तुझी आठवण वगैरे येत नाही. एक काम आहे म्हणून लिहिते आहे. आणि आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी तू जे केलंस ते चूकच होतं, हे माझं मत अजून कायम आहे. घरात पाहुणे जेवतायत, विनयचे मानेसरच्या कारखान्याचे साहेब सपत्नीक आलेत, आणि तू स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या तिघींच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघत होतीस! डॉक्टर असलीस म्हणून काय झालं? बरं, बघितल्यास त्या बघितल्यास. वर हॉलमध्ये येऊन तुझ्या त्या सातारी हिंदीत जाहीर केलंस, "इस बिल्डिंग में सब खून ऊपर चढ़ गया है क्या? नीचे से आनेवाली सब औरतें एकदम पांढरीफटक!" आणि पुरावा म्हणून साहेबांच्या बायकोची पापणी ओढून म्हणालीस, "ये देखो, कैसी लाल!" त्या वर्षी विनयला बढती मिळाली हे त्याचं नशीब. मी तुला बोलले, तू बॅग भरलीस आणि दुसऱ्या दिवशीच्या गोवा एक्सप्रेसनं निघून गेलीस. बरोबर बोललीस की नाही, हा प्रश्न वेगळा. भरल्या घरात बोललीस, हा माझा मुद्दा आहे.

असो. आता काम.

परवा शुक्रवारी मी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. या वर्षी सोसायटीतल्या बायकांबरोबर त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनाही बोलावलं. विनयच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, की नेहमीचं प्लास्टिकचं वाण देण्यापेक्षा लोखंडी कढया द्याव्यात. लोखंडात भाजी शिजवली की रक्त वाढतं असं कुठेसं छापून आलं होतं. शनिवारी लोखंड घेऊ नये एवढं मलाही कळतं, म्हणून करोल बागेत आम्ही मुद्दाम गुरुवारी गेलो. कढया छान होत्या. मी प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, कढई हातात ठेवली. सगळ्याजणी गप्प. मला वाटलं, भारावल्या.

काल शनिवार. इकडे शनिवारी एक माणूस डोलचीत मोहरीचं तेल घालून, त्यात लोखंडाची शनिदेवाची मूर्ती उभी करून गेटाशी येतो. एरवी त्याला एखाददुसरं नाणं मिळतं. काल तो हातगाडी भाड्यानं घेऊन परत आला, कारण माझ्या साऱ्या कढया त्याच्याकडे जमा झाल्या होत्या! समोरच्या मिसेस भसीन धावत आल्या. "कल्पना जी, आपने सबको लोहा बाँट दिया? लोहा तो लोग अपना शनि उतारने के लिए देते हैं! बेचारी सब डर गईं कि मैडम ने अपनी साढ़ेसाती हमारे सिर डाल दी।" म्हणजे मी आरोग्य वाटायला गेले आणि पीडा वाटून आले. आमची मयुरा हसून हसून जमिनीवर लोळली. दहावीतली पोर, पण तिला साडेसाती म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांगावं लागलं.

एकीनं मात्र कढई शनीला दिली नाही. माझ्याकडे काम करणारी कौशल्या, बिहारची, आमच्या इमारतीमागच्या गावात एका खोलीत राहते. तिनं ती धुऊन, पुसून मला परत आणून दिली. म्हणाली, "दीदी, बुरा मत मानिएगा। पेट में बच्चा है, अभी लोहा नहीं ले सकते।" मला हे असं कळलं. चौथा महिना आहे. ती जिना चढून आली की दाराला धरून उभी राहते, ते मी इतके दिवस बघत होते आणि आज नीट बघितलं. पापणी ओढली नाही मी, पण ओठसुद्धा पांढरे आहेत गं.

तर काय करायचं ते कळव. हा सर्वसाधारण प्रश्न आहे, असं समज.

कल्पना


गुडगाव, ११ फेब्रुवारी २००२

इंदूताई,

तुझं कार्ड मिळालं. 'प्रिय' नाही, 'आशीर्वाद' नाही. "हिमोग्लोबिन तपासा. सातच्या खाली असेल तर दवाखान्यात दाखवलंच पाहिजे, टाळाटाळ नको. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. कढईची कल्पना विनयची असणं शक्य नाही." औषधाच्या चिठ्ठीवर तरी डॉक्टर पेशंटचं नाव लिहितात.

बरं, कढईची कल्पना माझी होती. पुढे ऐक.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ निघालं. लॅबमधल्या माणसानं कागद माझ्या हातात देताना विचारलं, "ये चलती कैसे हैं?" चालते कशी म्हणजे, नऊ मजले चढते! आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत. मोठी आमची. छोटी सामानाची, कुत्र्यांची आणि कामाच्या बायकांची. ती दिवाळीपासून बंद आहे. कुत्र्यांना मोठ्या लिफ्टमधून न्यायची परवानगी लगेच मिळाली. बायकांबद्दल कुणी विचारलंच नाही.

तिच्या दिवसाची चौकशी केली. पहाटे नवऱ्याचा डबा, मग स्वतः चहा, मग चार घरं. तिसऱ्या प्रहरी खोलीवर गेली की उरलं असेल ते जेवायचं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं हे आपल्या आईनंही केलं, पण आईच्या पातेल्यात काहीतरी उरायचं.

आता दवाखान्याचं. सरकारी दवाखाना जवळ आहे, फुकट आहे, बाई डॉक्टर आहेत. गरोदर बायकांना फक्त बुधवारी बघतात आणि तेही सकाळीच. नेमक्या त्याच वेळी गुडगावातल्या तमाम बायका तमाम बायकांची भांडी घासत असतात. मी म्हटलं, "तू जा, माझं काम राहू दे." ती म्हणाली, "आपका तो रहने दें, दीदी, बाकी तीन घर?" इथला रिवाज असा, की रजा हवी तर आपल्या जागी बदली बाई द्यायची. बदली दिली नाही तर घर जातं. दिली तर ती बदलीच तिथे चिकटते, म्हणजे तरीही घर जातं. इकडे आड, तिकडे विहीर.

म्हणून मीच गोळ्या विकत आणल्या आणि तिला दिल्या. आठवड्यानं विचारलं तर संपल्या म्हणते. रोज एक घ्यायची तर महिनाभर पुरायला हव्या होत्या! खोदून विचारलं तेव्हा कळलं, की खोलीत तिची जाऊ सरला आहे, शेजारच्या खोलीत आणखी दोघीतिघी. सगळ्यांनाच चक्कर येते, तेव्हा सगळ्यांनी वाटून घेतल्या. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अकेले कैसे खाएँ, दीदी? सब देख रही थीं।" गोळ्या एकीच्या आणि अशक्तपणा पाचजणींचा.

तुझ्याकडे खेड्यापाड्यांत असंच व्हायचं का? तीस वर्षं सरकारी नोकरीत तू काय केलंस, ते मी कधी विचारलंच नाही. आता विचारते आहे. कार्ड लहान पडत असेल तर आंतर्देशीय मिळतं पोस्टात.

कल्पना


गुडगाव, २५ मार्च २००२

इंदूताई,

आंतर्देशीय आलं! अर्धं कोरं सोडलंयस ते सोडलंयस, पण आलं. "एकीला बरी करता येणार नाही. राहतात एकत्र, खातात एकत्र, दमतात एकत्र. सगळ्यांना ने. बुधवार मोकळा कर." साताऱ्याला बसून लिहायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकतेयस. पण तुझं अक्षर थोडं सुधारलंय.

बुधवार मोकळा करायचा म्हणजे सोसायटीच्या सभेत विषय मांडायचा. मी आयुष्यात सभेत बोललेले नाही. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा विनय करतो. पण उठले, आणि म्हटलं की दर बुधवारी सकाळी सगळ्या कामवाल्या बायकांना सुट्टी द्यावी, बदली न मागता. सगळ्याच गेल्या तर कुणाचीच बदली येणार नाही आणि कुणाचंच घर जाणार नाही. शिवाय पोटुशीला मोठ्या लिफ्टमधून येऊ द्यावं.

जो गोंधळ उडाला म्हणतेस! मिसेस भसीन म्हणाल्या, "वेन्सडे? वेन्सडे को मेरी किट्टी होती है जी! बीस जनियों के बर्तन कौन करेगा?" कुणी म्हणालं, आज बुधवार मागितला, उद्या रविवार मागतील. एक आयटीवाला पुणेकर मुलगा म्हणाला, "काकू, प्रॉब्लेम जेन्युइन आहे, बट लेट्स टेक इट ऑफलाइन." विनय माझ्या शेजारी बसून चप्पल बघत होता.

आणि मदत कुठून आली? आमचे सेक्रेटरी कर्नल ग्रेवाल. निवृत्त, मिशाळ, गेटावरच्या पहारेकऱ्यांची रोज हजेरी घेणारे. ते माझ्याविरुद्ध बोलणार म्हणून मी खुर्चीत मागे सरले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "फौज में सुबह-सुबह सिक परेड होती है। जवान की तबीयत ठीक नहीं तो पलटन बेकार। यहाँ आज तक सिक परेड नहीं है? शेम!" त्यांना बायकांच्या तब्येतीपेक्षा परेड नाही याचंच वाईट वाटलं होतं, पण मला काय, माझं काम झाल्याशी कारण. हात वर करायला सांगितले तेव्हा विनयनं पहिला हात वर केला. मला इतकं भरून आलं, की घरी येऊन त्याच्यासाठी शिरा केला.

परवाच्या बुधवारी पहिली परेड झाली. सगळ्याजणी गेटाशी, कर्नलसाहेब काठी घेऊन पुढे, आणि लाजून चूर झालेल्या बायका पदर तोंडावर धरून त्यांच्यामागे दवाखान्याकडे! पाच वर्षं इथे काम करतेय पण दवाखाना आतून पाहिला नव्हता, असं सरला म्हणाली. इकडे इमारतीत हाहाकार. विनयनं भांडी घासायला घेतली आणि पहिला ग्लास फोडला. आयटीवाल्या मुलानं फोन करून विचारलं, "काकू, तवा साबणानं धुतात का?" मिसेस भसीननी किट्टी गुरुवारी नेली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

कौशल्या चहाशिवाय गोळी घेते आहे. लिंबूपाण्याला ती तोंड वाकडं करते, पण घेते. आणि आता प्रत्येकीला आपापल्या गोळ्या आहेत, त्यामुळे वाटून खायचा प्रश्नच मिटला.

तुझी मतं मला पटतात असं समजू नकोस.

कल्पना


गुडगाव, १९ मे २००२

इंदूताई,

इतका उन्हाळा आहे, की नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. तरी बातमी चांगली आहे. नऊ पूर्णांक पाच! लॅबमधला तोच माणूस म्हणाला, "अब चलेंगी।" कौशल्याचे ओठ ओठांसारखे दिसायला लागलेत. मोठ्या लिफ्टमधून येताना ती अजून कोपऱ्यात अंग चोरून उभी राहते, पण दाराला धरून उभी राहत नाही.

तुझ्या पत्रात यावेळी वर 'चि. कल्पना' आहे. मी विनयला दाखवलं. तो म्हणाला, फ्रेम करू या.

आता खरी अडचण. तू लिहिलंस, की बाळंतपणानंतर तीन महिने तिनं उभ्यानं काम करता कामा नये, नाहीतर कमावलेलं सगळं रक्त पाण्यात. ते मी तिला सांगितलं. ती हसली. वाईट हसली नाही, एखाद्या लहान मुलीनं चंद्र मागितल्यावर हसावं तशी हसली. "दीदी, पहली बार दसवें दिन आ गए थे काम पर।" दहाव्या दिवशी, ताई! आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं. तेव्हा चक्कर येऊन जिन्यावर पडली होती, पाळणाघरासारखी सोय नाही, मग ते बाळ गावी सासूकडे ठेवलं. मुलगा आहे, आता चार वर्षांचा. त्याचं नाव घेताना ती दुसरीकडे बघते.

म्हणजे बघ, औषध, गोळ्या, दवाखाना सगळं झालं. आणि आता ती बरी राहणार की पुन्हा पडणार, हे तिची घरं तिची वाट बघतात की नाही यावर आहे. हे तुझ्या कुठल्या पुस्तकात होतं का? असेल तर तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगितलंस म्हणा, पापणी ओढून.

दोन घरं तयार झाली, माझं एक आणि कर्नलसाहेबांचं एक. ते म्हणाले, "मैटर्निटी लीव इज़ लीव।" आयटीवाला मुलगा म्हणाला, तो तीन महिने कागदी ताटलीत जेवेल. त्याचं सोड, पण हो म्हणाला. राहिलं चौथं घर, मिसेस भसीन. माझ्याशी अबोला तेवढ्यापुरता सोडून त्या म्हणाल्या, "जाना है तो जाए। लेकिन बदली दे के जाए। मैं बिना बाई के एक दिन नहीं रह सकती।" सरला आणि बाकीच्या आधीच पाचपाच घरं करतायत. बाहेरची बाई दिली तर घर गेलंच. आणि तेच घर तिचं सगळ्यात मोठं आहे, ते सोडून परवडणार नाही. नवरा म्हणतो, दहाव्या दिवशी जा.

मी तिला सांगून बसले आहे, की तू काळजी करू नकोस, बदलीचं मी बघते. कसं बघणार ते मला माहीत नाही. दर रविवारी विनय विचारतो, "मिळाली का बदली?" आणि मी भाजी निवडायला घेते.

काही सुचलं तर कळव. औषध नको, माणूस सुचव.

तुझी,
कल्पना


गुडगाव, ७ जुलै २००२

प्रिय इंदूताई,

मुलगी झाली! मंगळवारी दुपारी, सरकारी रुग्णालयात. रक्त बरंच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जानेवारीचं रक्त असतं तर हिला मोठ्या रुग्णालयात पळवावी लागली असती, आणि मग काय झालं असतं ते सांगता आलं नसतं. पण जूनचं रक्त होतं. निभावलं. हे ऐकून मी व्हरांड्यात बसून रडले. एक अनोळखी म्हातारी मला म्हणाली, "रो मत बिटिया, लड़की भी लक्ष्मी होती है।" मी तिला काय समजावणार? मान हलवली.

आता बदलीचं ऐक. तू लिहिलंस, "माणूस मला सुचत नाही. तू बघते म्हणालीस ना?" एवढंच. मी तुझ्यावर आठवडाभर चिडले होते.

बुधवारी सुट्टीच होती. गुरुवारी सकाळी मी पदर खोचला आणि मिसेस भसीनची घंटी वाजवली. त्यांनी दार उघडलं. "आप?" मी म्हटलं, "कौशल्या की बदली। तीन महीने मैं आऊँगी। बर्तन किधर हैं?" त्या हसल्या. मी हसले नाही, आत जाऊन ओट्याशी उभी राहिले आणि नळ सोडला. दोन कढया घासून झाल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ही बाई खरंच घासते आहे. "कल्पना जी, छोड़िए ना, पाप लगेगा मुझे! लोग क्या कहेंगे?" मी म्हटलं, "बदली तो आपने ही माँगी थी।" मी मुद्दाम हळू घासत होते आणि त्यांच्या कुकरचं झाकण मला खरंच लावता येत नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा गेले. त्यांनी आधीच सगळी भांडी घासून, पुसून, फळीवर लावून ठेवली होती. मी झाडू मागितला. शनिवारी त्यांनी दारातच हात जोडले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती बिचारीची. "कौशल्या का घर पक्का। तीन महीने, चार महीने, जितना चाहे। बस आप मत आइए!" मग आत बोलावून चहा दिला. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून प्यालो. त्यांना भांडी घासून बोटांना पुरळ उठलंय. मी खोबरेल लावायला सांगितलं. जाताना त्यांनी कौशल्यासाठी डिंकाचे लाडू बांधून दिले, आणि म्हणाल्या, "मेरी सास ने मुझे चालीस दिन पलंग से उतरने नहीं दिया था।"

ते लाडू द्यायला आज मी मागच्या गावात गेले. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते गाव दिसतं, आणि मी आज पहिल्यांदा तिथे गेले. गटारावर फळ्या टाकल्यात, त्यावरून जायचं. सकाळचे अकरा वाजले होते. सरलानं ओठांवर बोट ठेवलं आणि दार हळूच ढकललं.

कौशल्या झोपली होती, ताई. बाळाला कुशीत घेऊन, तोंड उघडं टाकून, गाढ. आसपास नळावर बायका ओरडत होत्या, कुणाचा तरी रेडिओ जोरात चालू होता, आणि ती झोपली होती. तिला कुठेही जायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला बसलेलीसुद्धा पाहिली नव्हती. झोपेत ती मयुराएवढीच दिसते. तिचं वय मी कधी विचारलंच नव्हतं.

लाडू सरलाकडे देऊन मी निघायला हवं होतं. पण उंबऱ्यातच उभी राहिले कितीतरी वेळ. मला तिथे तू हवी होतीस गं. काही बोलायला, तपासायला नाही. नुसती माझ्या शेजारी उभी राहायला.

तुझी कल्पू